जपानी शाळेच्या बुन्कासाईचं स्लोगन ठरवताना: आधी काय, मग काय आणि गाडं कुठे अडतं

एप्रिल-मे आला की जपानमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. मुलगी बुन्कासाईच्या, म्हणजे शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या, जिक्को-इइनकाईत, म्हणजे आयोजन कमिटीत गेलीये, स्लोगन द्यायचंय, पटकन काहीतरी भारी सुचवा ना! मग लोक सुचवतात. मैत्री, स्वप्नं, हसू, चमकणं. मुलगी त्यातलं एक शाळेत नेते, बाकीच्या सगळ्यांनीही नेमकं तेच आणलेलं असतं, पंचवीस मिनिटांची मीटिंग वाद घालण्यात जाते, शेवटी हात वर करून काहीतरी ठरतं आणि महिन्याभराने सेन्सेई, म्हणजे शिक्षक, म्हणतात की हे चालणार नाही.

स्लोगन सुचत नाही हा खरा प्रॉब्लेम नसतोच. क्रम उलटा असतो. शब्द सगळ्यात आधी शोधले जातात, आणि ते लागणार कुठे, वाचणार कोण, पास कोण करणार हे सगळं नंतर आठवतं. म्हणून खाली क्रमानेच लिहितोय. हे हायस्कूल धरून आहे, ज्युनिअर हायस्कूलला साधारण हेच लागू पडतं, फक्त तिथे सेन्सेईंचा हात जास्त असतो.

१. तारखा शेवटाकडून मोजा

शाळेचं कॅलेंडर समोर घ्या. एप्रिलला वर्ष सुरू, एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीक, मेच्या शेवटी चुकान म्हणजे मधली परीक्षा, जुलैच्या सुरुवातीला किमात्सु म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, आणि होन्शू या मुख्य बेटावर बहुतेक ठिकाणी २० जुलैच्या आसपास उन्हाळी सुट्टी लागते. परीक्षेच्या आधी साधारण आठवडाभर क्लब आणि कमिट्या बंद असतात, त्यामुळे कागदावर मोकळा दिसणारा आठवडा खरं तर मोकळा नसतो. ज्या शाळेत वर्षाची दोनच सत्रं असतात तिथे या परीक्षा पुढे-मागे सरकतात, म्हणून आपल्याच शाळेचं कॅलेंडर बघा, मैत्रिणीच्या शाळेचं नको.

बुन्कासाई सप्टेंबरात असेल तर स्लोगन जूनच्या मध्यापर्यंत पक्कं व्हायला हवं. म्हणजे गोल्डन वीक संपला की सूचना मागवायच्या, चुकानच्या आधी चाळणी आणि दुरुस्ती उरकायची, जूनच्या पहिल्या आठवड्यात मतदान. उत्तरेकडच्या होक्काइदोत बऱ्याच शाळांचं हे सगळं जुलैतच होतं (तिकडे गाक्कोसाई म्हणतात), तिथे एप्रिलमध्येच हलायला लागतं.

सावध: बुन्कासाई ३ नोव्हेंबरच्या सुट्टीच्या आसपास असेल तर सगळे म्हणतात की बघू सप्टेंबरात. नका बघू. मोठी सजावट, नाटकाचे सेट, गेटवरची कमान हे सगळं उन्हाळी सुट्टीत बनतं, आणि स्लोगन नसेल तर प्रत्येक वर्ग आपापल्या मनाने रंगवून मोकळा होतो. नंतर आलेलं स्लोगन मग फक्त पोस्टरवर उरतं.

२. ते कुठे कुठे लागणार याची यादी

दहा मिनिटांचं काम, पण कोणी करत नाही. पोस्टर, माहितीपत्रक, गेटची कमान, इमारतीवरून खाली सोडायचा उभा बॅनर, उद्घाटनाचं स्टेज, शाळेची वेबसाइट, काही शाळांत टी-शर्ट. शोदो-बू, म्हणजे कॅलिग्राफीचा क्लब असेल तर ते उद्घाटनाला मोठ्या कागदावर ब्रशने तेच लिहितील. प्रत्येकापुढे लिहा: आडवं की उभं, किती लांबून वाचायचं, कुणाच्या हातून लिहिलं जाणार.

आणि सेन्सेईंना एकदा स्पष्ट विचारून घ्या की तुमच्या शाळेत थीम आणि स्लोगन वेगवेगळं द्यायचं असतं की एकच. काही शाळांत थीम हा नुसता विषय असतो, म्हणजे 'रंग', आणि स्लोगन ही बॅनरवरची ओळ. काही ठिकाणी दोन्हीला एकच समजतात. हे न विचारता कामाला लागलेल्या कमिट्या शेवटी दोन गोष्टी घेऊन बसतात आणि कुठली छापायची यावरून भांडतात.

३. मागची पाच वर्षं आणि यंदाचं एक वाक्य

जुनी माहितीपत्रकं सेईतोकाईच्या, म्हणजे विद्यार्थी परिषदेच्या खोलीत कुठल्यातरी कपाटात असतातच. पाच वर्षांची स्लोगन्स एका कागदावर लिहा. सलग तीन वर्षं योजिजुकुगो म्हणजे चार कांजींचे (चिनी मूळच्या अक्षरचिन्हांचे) वाक्प्रचार आले असतील तर लोकांना यंदा वेगळं हवं असतं, ते कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

मग कमिटीने एकच साधं वाक्य लिहायचं: यंदाच्या बुन्कासाईत काय वेगळं आहे? शाळेला ५० वर्षं होतायत, दोन शाळा एकत्र झाल्यात, नवी इमारत आलीये, किंवा बाहेरच्या लोकांना यंदा दोन्ही दिवस प्रवेश आहे. काहीच वेगळं नसेल तर 'काय सुधारायचंय' लिहा. उदाहरणार्थ, 'आपल्याकडे प्रत्येक वर्ग आपल्याच खोलीत कोंडलेला असतो, शेजारच्या वर्गात काय चाललंय ते कुणाला माहीत नसतं.' हे वाक्य सुंदर असायची गरज नाही. खरं असलं पाहिजे.

तपासा: वाक्य दुसऱ्या कुठल्याही शाळेला जसंच्या तसं लागू पडतंय का? पडत असेल तर परत लिहा.

४. सूचना मागवणं

कोपऱ्यात पेटी ठेवून वाट बघितली तर पेटीत चार चिठ्ठ्या येतात आणि त्यातल्या दोन टवाळीच्या असतात. त्यापेक्षा लाँग होमरूमचा (वर्गशिक्षकांच्या तासाचा) अर्धा तास मागून घ्या आणि वर्गातच भरून घ्या. कागद असो की गुगल फॉर्म, पाच गोष्टी हव्यातच:

- स्लोगन
- त्याचं वाचन हिरागानात, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या लिपीत (कांजीचं वाचन प्रत्येक जण वेगळं करतो)
- अर्थ, दोन ओळींत
- कुठून घेतलंय का? गाणं, अ‍ॅनिमे, जाहिरात असेल तर लिहा
- वर्ग आणि हजेरी नंबर, जो फक्त कमिटी बघणार

वर कमिटीचं ते एक वाक्य छापा. आणि चार-पाच साचे दाखवा, नाहीतर सगळे एकाच साच्यात लिहितात. चार कांजींचा तयार वाक्प्रचार, जसं 'ज्युनिन तोइरो', दहा माणसं दहा रंग. त्यातलंच एखादं अक्षर बदललेला प्रकार, जसं 'इश्शोकेन्मेई'मध्ये 'जीवन'ची कांजी काढून तिथे 'हसणं'ची बसवतात, उच्चार तोच राहतो (हा इतका वापरून झालाय की नमुना म्हणून ठीक, स्लोगन म्हणून नको). एकच मोठी कांजी आणि खाली छोटी ओळ. साधं बोलीतलं जपानी वाक्य. इंग्रजी.

मुलांना वाक्य-प्रकार कमी सुचतो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त काम तोच करतो. कारण त्यात क्रियापद असतं, आणि क्रियापद असलं की काहीतरी करून दाखवता येतं.

आपल्या मुलांसाठी एक खास सूचना. जपानी कानाला ५ आणि ७ च्या मात्रा गोड लागतात, म्हणून ३-५, ७-५ अशी मोजणी करून बघतात. आपण अक्षरं मोजतो आणि फसतो. तिथे सुटा 'न्' ही अख्खी मात्रा आहे, लांब स्वर म्हणजे दोन मात्रा, आणि जोडाक्षरातला थांबाही एक मात्रा. 'शिन्बुन' आपल्याला दोनदा तोंड उघडल्यासारखं वाटतं, पण ते चार मात्रांचं: शि-न्-बु-न्. 'गाक्को' पण चारच: गा-क्-को-ओ. शाळेत वृत्तं शिकताना मात्रा मोजल्यात ना, तशाच बोटांवर मोजा.

सावध: मुदत एक आठवडा, जास्त नको. तीन आठवडे दिले तर सगळे शेवटच्या रात्री भरतात, म्हणजे दोन आठवडे फुकट.

५. चाळणी: आवडनिवड अजून बाजूलाच

आता हातात शे-दीडशे सूचना असतील. इथे 'मला हे आवडलं' बोलायला बंदी. फक्त बाद करायचं.

पहिलं बाद म्हणजे उचललेलं. प्रत्येक सूचना अवतरणचिन्हात टाकून सर्च करा. गाण्याची ओळ, कंपनीच्या जाहिरातीचं वाक्य, अ‍ॅनिमेतला डायलॉग निघाला तर बाजूला. जपानमध्ये बऱ्याच गाण्यांचे हक्क जासराक ही संस्था सांभाळते, आणि वर्गात शिकवायला कायद्यात सूट आहे म्हणजे टी-शर्टवर छापायलाही सूट आहे असं धरून चालू नका. तयार वाक्प्रचार दुसऱ्या शाळेनेही वापरलाय एवढ्यावरून मात्र बाद करू नका, ते कुणाच्या मालकीचे नसतात.

दुसरं, शिळं होणारं. मे महिन्यात सगळ्यांच्या तोंडी असलेला नेटवरचा शब्द ऑक्टोबरात लाज आणतो.

तिसरं, रिकामं. 'किझुना' म्हणजे नातं, बंध. २०११ च्या भूकंपानंतर ती त्या वर्षाची कांजी म्हणून निवडली गेली, तेव्हा तिला वजन होतं. आता नुसतं 'किझुना' किंवा नुसतं 'एगाओ' (हसरा चेहरा) आलं तर ते कुठल्याही कार्यक्रमाला चिकटवता येतं. लगेच फेकू नका, पण ज्याने दिलंय त्याला अर्थ अजून नेमका करायला सांगा. कधीकधी त्या दोन ओळींच्या अर्थातच खरं स्लोगन लपलेलं असतं, मूळ शब्दात नसतं.

चौथं, इंग्रजी. कमिटीत भारतीय मुलगा असला की इंग्रजी तपासायचं काम त्याच्या गळ्यात पडतंच. पडू दे. फक्त चूक दुरुस्त करून थांबू नका, ते चारचौघांत म्हटलं तर कसं वाटतं तेही सांगा. 'लेट्स एन्जॉय' जपानमध्ये सर्रास चालतं, पण शाळेत परदेशी पाहुणे येणार असतील तर बॅनरवर ते अर्धवट दिसतं. आणि इंग्रजी आद्याक्षरं जोडून भलताच शब्द होत नाही ना, हे बघायला विसरू नका. मुलं मुद्दाम पण करतात.

पाचवं, एकसारखी. रंगांवरच्या दहा सूचना आल्या तर त्यातली एकच, सगळ्यात चांगली पुढे न्या. हे आत्ता केलं नाही तर मतदानात महागात पडतं, ते खाली येतंय.

६. उरलेल्या सात-आठांची परीक्षा

वेळ इथे घालवा. बाकीचे टप्पे उरकायचे, हा करायचा.

एक उदाहरण घेऊ, मी बनवलेलं. कमिटीचं वाक्य ते वरचंच, शेजारच्या वर्गात काय चाललंय ते माहीत नसतं. सूचना आली: 'सावागे, तोनारी मादे'. गोंधळ घाला, शेजारपर्यंत. तीन अधिक पाच मात्रा, तोंडात बसतं, क्रियापद आहे, खट्याळ आहे. मुलांना लगेच आवडणार.

*ओरडून बघा.* एकाने 'से-नो' (आपलं 'एक, दोन, तीन') म्हणायचं आणि बाकीच्यांनी एकदम ओरडायचं. कुठे अडखळलं तर तिथे शब्द बदला. आपलं उदाहरण इथे पहिल्या नंबराने पास.

*परक्याला वाचायला द्या.* कमिटीबाहेरच्या पाच जणांना अर्थ न सांगता दाखवा आणि काय वाटलं ते विचारा. इथे 'सावागे' अडकतं. शाळा वस्तीत आहे, बुन्कासाईच्या दिवशी माईक आणि ड्रमच्या आवाजावरून आजूबाजूच्या घरांतून फोन येतात, आणि तुम्ही गेटवर लिहिणार की शेजारपर्यंत गोंधळ घाला! तुमच्या मनातला शेजार म्हणजे बाजूचा वर्ग, पण रस्त्यावरून जाणाऱ्या आजोबांना काय माहीत.

मग फेकायचं का? नाही, दुरुस्त करायचं. गाभा 'शेजारपर्यंत' हा आहे, तो राहू दे, क्रियापद बदला. 'तोमोसे, तोनारी मादे'. दिवा लावा, शेजारपर्यंत. मात्रा त्याच, सुरुवातीला 'तो' दोनदा येतो म्हणून कानाला अजूनच बरं. खट्याळपणा गेला, हे कबूल, पण त्या बदल्यात पुढच्या परीक्षेत काय मिळतं बघा.

*तीन वर्गांना विचारा.* एक भुताचं घर करणारा, एक याकिसोबाचा (परतलेल्या नूडल्सचा) स्टॉल लावणारा आणि एक शांत क्लब, म्हणजे चहा-समारंभवाले. या स्लोगनचं तुम्ही काय कराल? 'सावागे'वर चहावाले गप्प बसतील. 'तोमोसे'वर भुताचं घरवाले म्हणतील की अंधारात एकच कंदील ठेवू, याकिसोबावाले चोचिन (कागदी कंदील) टांगतील, चहावाल्यांना आंदोन (कागदी दिवा) ठेवता येईल. तिघांपैकी दोघांना काही सुचलं तर स्लोगन जिवंत. कुणालाच सुचलं नाही तर कितीही सुंदर असलं तरी सोडा. मला विचाराल तर ही एकच परीक्षा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

(दिव्याचं स्लोगन घेतलं की सेन्सेई पहिला प्रश्न आगीचा विचारणार, कारण वर्गभर पुठ्ठा आणि काळे पडदे असतात. एलईडीच वापरणार, हे उत्तर आधीच लिहून न्या.)

*उभं आणि आडवं लिहून बघा.* जपानी दोन्हीकडे छान बसतं, इंग्रजी उभ्या बॅनरवर मान वाकडी करून वाचायला लागतं. काताकानात (परक्या शब्दांच्या लिपीत) लांब स्वराची रेघ उभ्या मजकुरात उभी होते, हातानं रंगवणारे ती हमखास आडवी काढतात.

*रेघा मोजा.* 'ह्याक्का र्‍योरान' (शंभर फुलांचा बहर) हा लाडका वाक्प्रचार आहे, पण त्यातल्या तिसऱ्या कांजीला १८ रेघा आहेत. 'घुमणं'च्या कांजीला २०. पुठ्ठ्यावर जाड ब्रशने रंगवलं की लांबून काळा डाग दिसतो. मोबाइलवर लिहून बघणं ही परीक्षा नाही. वहीच्या कागदावर जाड मार्करने लिहा, फळ्यावर चिकटवा, कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन वाचा.

तपासा: आता हातात तीन, फार तर चार उरायला हवेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा हवा.

७. सेन्सेईंची मंजुरी, मतदानाच्या आधी

सगळ्यात जास्त कमिट्या इथे पडतात. आधी मतदान घेतात, मग निकाल घेऊन सेन्सेईंकडे जातात. सेन्सेईंनी नाही म्हटलं की अख्ख्या शाळेला कळतं, शाळेनं आपलं मत केराच्या टोपलीत टाकलं म्हणून मुलं चिडतात, आणि कमिटीचं तोंड बघण्यासारखं होतं.

म्हणून तीनही पर्याय अर्थासकट आधी कमिटीच्या सेन्सेईंना द्या आणि सरळ विचारा: यातलं कुठलंही निवडून आलं तर चालेल ना? शिक्षकांच्या मीटिंगमध्ये न्यावं लागतं का, आणि ती कधी असते, तेही विचारा. ती ठरलेल्या दिवशीच होते, चुकली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबा. एखाद्यावर हरकत आली तर कारण लिहून घ्या, नुसतं 'जरा कठीण आहे' एवढ्यावर उठू नका. जपानीत 'चोत्तो मुझुकाशिई' म्हणजे बहुतेक वेळा नकारच असतो, पण कारण कळलं तर शब्द बदलून तेच परत नेता येतं.

८. मतदान

पर्यायांसोबत अर्थ आणि वाचन छापा, सुचवणाऱ्याचं नाव छापू नका. नाव दिसलं की मत बास्केटबॉलच्या कॅप्टनला पडतं, स्लोगनला नाही.

एकसारखे दोन पर्याय ठेवले तर मतं फुटतात. समजा १०० मतांत रंगांवरच्या दोघांना ३२ आणि ३०, आणि तिसऱ्याला ३८. ६२ जणांना रंग हवे होते आणि जिंकलं भलतंच. चाळणीत एकसारखी एकत्र करायची ती यासाठी. तरीही जवळचे पर्याय उरले असतील तर प्रत्येकाला दोन मतं द्या.

गुगल फॉर्म असेल तर शाळेच्या अकाउंटवरून एकच उत्तर, आणि मधले आकडे कुणालाच दाखवायचे नाहीत, कमिटीच्या ग्रुपवर पण नाहीत. मुदत दोन-तीन दिवस.

सावध: निकालानंतर पहिल्या आणि दुसऱ्याचं मिळून एक बनवू नका. फार मोह होतो, दोघंही खूश होतील असं वाटतं. बनतं ते लांबलचक असतं आणि त्याला कुणीच मत दिलेलं नसतं.

९. अक्षर न् अक्षर पक्कं करा

जिंकलं म्हणून लगेच स्टोरी टाकू नका. आधी एका पानावर अधिकृत रूप लिहा: कुठला शब्द कांजीत, कुठला हिरागानात, स्वल्पविराम आहे की मोकळी जागा, उद्गारचिन्ह किती, इंग्रजीत कुठली अक्षरं मोठी. आडवं रूप, उभं रूप, वाचन, आणि दोन-तीन ओळींचा अर्थ. हे नसेल तर पोस्टरवर 'तोमोसे' कांजीत, कमानीवर हिरागानात आणि माहितीपत्रकात उद्गारचिन्हासकट येतं.

उपशीर्षकाच्या दोन्ही बाजूला नागमोडी रेघ टाकायची जपानी सवय आहे. कॉम्प्युटरमध्ये तशा दिसणाऱ्या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेल्या की कधी आकार बदलतो, कधी तिथे प्रश्नचिन्ह येतं. म्हणून छपाईला मजकूर आणि सोबत चित्र, दोन्ही पाठवा. दुर्मिळ कांजी असेल तर ज्या फॉन्टमध्ये छापणार त्यात ती आहे का हे आधीच बघा.

हे पान पोस्टरवाले, माहितीपत्रकवाले, कमानवाले, शोदो-बू आणि घोषणा करणारा होसो-बू, सगळ्यांना एकाच दिवशी द्या. कोणी फोटो काढून पुढे पाठवला तर मूळ फाइलच मागा, कारण नक्कल बघून रंगवलेल्या कांजीत एखादी रेघ हमखास गळते.

१०. जाहीर करा आणि कामाला लावा

सुचवणाऱ्याला आधी विचारा की नाव सांगितलेलं चालेल का. बऱ्याच मुलांना नको असतं.

आणि वर्गांकडून जो उपक्रमाचा अर्ज येतो, किकाकुशो, त्यात एक ओळ वाढवा: 'स्लोगनचा तुमच्या उपक्रमात कुठे वापर?' सक्ती करू नका, रिकामं सोडलं तरी अर्ज घ्या. पण ती ओळ फॉर्मवर आहे म्हटल्यावर निम्मे वर्ग काहीतरी लिहितातच, आणि एकदा लिहिलं की बहुतेक करतातही. फक्त हा फॉर्म स्लोगन जाहीर झाल्यावर वाटा. आधी वाटून झाले असतील तर किमात्सुच्या आधी वेगळी चिठ्ठी फिरवा, सुट्टी लागल्यावर कुणी वाचत नाही.